तुझी उजवी कूस, माझी डावी

गिरजे,

तू गेलीस हे कळलं तेव्हा माझा हात आधी स्वतःच्या कुशीवर गेला. रडू नंतर आलं.

दिवेलागणीची वेळ होती. मी खाली दुकानात पाणी भरायच्या नव्या पितळी गुंडांवरचं बांधणीचं गवत झटकत होते. शेजारच्या कापडाच्या पेढीवर उमरेडहून फोन आला होता. तिथले मुनीमजी आमच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "वहिनी, तुमची ते उमरेडवाली बहीण... आत्ता गेली म्हणते. उद्या सकाळी नेणार हायेत."

"कशानं?"

"ते नाही सांगतलं."

आमचे हे गल्ल्यावरून उठून आले, मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ते काय बोलत होते ते माझ्या कानात शिरत नव्हतं. कशानं, एवढंच मला हवं होतं. तुझी उजवी कूस आणि माझी डावी, एकाच डॉक्टरनं, एकाच आठवड्यात कापलेली. तुझ्यापेक्षा मी दहा-बारा वर्षांनी मोठी. तुझं काही बिघडलं असेल तर माझं शाबूत कसं राहील? त्या वेळी मी तुझ्यासाठी किती घाबरले आणि माझ्यासाठी किती, हे मला वेगळं करता आलं नाही. आज तेरवी करून परत आले, तरी येत नाही. पण आपण एकमेकींशी कधी साळसूदपणा केला नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते आहे.

उमरेडची ही बाई तुमची कोण, असं लोक विचारत. तू सांगायचीस, "आमी दोघी अर्ध्या गुरद्याच्या बहिणी." ऐकणारा गप्प व्हायचा आणि तू पदरात तोंड घालून हसायचीस. मला ते हसू येत नसे. माझ्या अंगावर काटा यायचा.

आणीबाणी लागायच्या आधीचा हिवाळा. नागपूरच्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, लोखंडी खाटा, लाल ब्लँकेटं. तुझी खाट माझ्या उजव्या हाताला होती. माझी डावी बाजू चिरलेली, म्हणून मला उजव्या कुशीवर वळवून ठेवत. तुझी उजवी चिरलेली, म्हणून तुला डाव्या. आपली तोंडं समोरासमोर आली ती एवढ्याचमुळे. डॉक्टरांनी उलट बाजू कापल्या असत्या तर आपण पाठीला पाठ लावून पडलो असतो आणि नावसुद्धा विचारलं नसतं.

दोघींनाही मुतखडा. दोघींचाही इतका जुना, की खड्यानं मूत्रपिंडाचा, तू म्हणायचीस त्या गुरद्याचा, खालचा भाग सडवला होता. सर्जनसाहेब म्हणाले होते, अख्खं काढायचं नाही, सडलेलं तेवढं कापू, चांगलं राहील ते ठेवू. घरच्यांना ते ऐकून हायसं वाटलं. मला उलट वाटलं. अख्खं काढलं तर विषय संपला. अर्धं ठेवलं म्हणजे आत एक कापलेली, शिवलेली वस्तू कायम राहणार, आणि ती कधी उसवेल हे बाहेरून कोणाला दिसणार नाही.

पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा तुझे डोळे दिसले. तू आदल्या दिवशीच त्यातून गेली होतीस. कुशीतून रबराची नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेलेली, ओठ पांढरे. तू मला म्हणालीस, "ताई, शिंकू नोको. काही बी कर, पण शिंकू नोको."

तासाभरात मला शिंक आली. बरगडीखाली कोणीतरी विळा फिरवल्यासारखं झालं. मी ओरडले, सिस्टर धावत आल्या, आणि तू, स्वतःला हलता येत नसताना, दोन खाटांमधल्या फटीतून हात लांब करून माझं मनगट धरलंस. "सांगतलं होतं ना वं," म्हणालीस आणि रडायला लागलीस. माझ्यासाठी नव्हतीस रडत. स्वतःलाही शिंक येईल म्हणून रडत होतीस. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच तू मला जवळची वाटलीस. घरची सगळी माणसं मला धीर देत होती. घाबरणारं कोणीच नव्हतं. तू होतीस.

नळी काढायच्या दिवशी तू माझ्या आधी. सिस्टर म्हणाल्या, श्वास घ्या, सोडा. तू श्वास घेतलास तो सोडलाच नाहीस. नळी निघाली आणि तू इतकी गप्प पडलीस, की मला वाटलं गेली ही. मग डोळे न उघडता म्हणालीस, "साप निघाल्यावानी वाटलं." त्यानंतर माझी नळी काढताना मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. तू त्याची नक्कल पुढं वर्षानुवर्षं केलीस, माझ्या मुलांसमोर, माझ्या सुनेसमोरसुद्धा.

टाके निघाले, तू वऱ्हांड्यात चालायला लागलीस, तुझ्या नवऱ्यानं, महादेवभाऊंनी, तुझी पिशवी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी तुला घरी सोडणार होते. त्या सकाळी तू संडासातून परत आलीस ती भिंत धरून. खाटेवर बसलीस, माझ्याकडं वाकलीस.

"ताई, लाल झाली."

"काय लाल?"

"लघवी. निरी लाल, रक्तावानी. कोनाले सांगू नोको."

मी उठायला लागले तशी तू माझा पदर धरलास. "सांगतलं तं पुन्हा फाडतीन मले. उरलेला बी काढून टाकतीन. नोको सांगू वं ताई, तुह्या पाया पडू का मी? आज घरी जाऊ दे."

तुझ्या हाताची पकड मला अजून आठवते. तू वाकून खरोखरच माझ्या पायांना हात लावलास, त्या कुशीनं वाकलीस. मी सांगितलं आणि पुन्हा टेबलावर घेताना तुझं काही झालं तर? नाही सांगितलं आणि बसमध्ये झालं तर? शिवाय, गिरजे, माझ्या मनात तिसरंही होतं. हिचं लाल झालं, उद्या माझं होणार.

मी तुझी बोटं पदरातून सोडवली आणि सिस्टरला हाक मारली.

मग धावपळ झाली. तुला हलू न देता झोपवून ठेवलं, खाटेची पायाकडची बाजू विटांवर चढवली, महादेवभाऊंचं रक्त काढून तुला दिलं. पुन्हा फाडावं लागलं नाही. आतली जखम भरताना कधी कधी असं फुटतं, पडून राहिलं की थांबतं, असं साहेब म्हणाले. थांबलं. पण ते थांबेपर्यंत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तोंड समोरच होतं, वळताही येत नव्हतं तुला. म्हणून तू डोळे मिटून घ्यायचीस. मी पाहतच राहायचे. तुझ्या पापण्या हलल्या की मला बरं वाटायचं.

बोललीस ते घरी जाताना. "सांगतलं नसतं तं मी मेली असती. पन तवा मले असं वाटलं, का हे ताईच मारून राहिली मले."

घरी आल्यावर मी माझा वण पाहिलाच नाही. आंघोळ करताना डोळे छताकडं. साबणाचा हात तिथून लांबून जायचा. हे विचारत, बरं आहे ना, मी हो म्हणे. त्यांनाही पाहू दिलं नाही. मग एकदा चुकून हात लागला तर कुशीला फुगवटा. मऊ, पोळीच्या गोळ्याएवढा. बसले की पुढं यायचा, झोपले की बसायचा. मी ठरवून टाकलं की आत काहीतरी उसवलंय. कोणाला सांगितलं नाही. मुलांना शाळेत पाठवताना त्यांच्याकडं उगाच जास्त वेळ बघायचे.

त्यात तू आलीस. महादेवभाऊ इथं इतवारीत हातमागासाठी सूत घ्यायला आले होते, तू सोबत. वर स्वयंपाकघरात येऊन दार लोटलंस आणि पहिली गोष्ट म्हणालीस, "ताई, तुले बी गोळा आला काय?"

तू पदर बाजूला करून आपली कूस दाखवलीस. मागं पाठीच्या कण्याजवळून निघून बरगडीखालून पुढं बेंबीच्या दिशेनं आलेली जांभळी रेघ, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके, आणि तिच्यावर तोच फुगवटा. "दाब," म्हणालीस. "दुखत नाही. उमरेडच्या डॉक्टरले दाखवलं. कापताना तिथली शीर तुटली, म्हनून मांस ढिलं पडलं म्हने. मरत नाही त्यानं. आता तुही दाखव."

माझा वण माझ्या आधी तू पाहिलास. जमिनीवर बसून, मान वाकडी करून, सगळा. मी छताकडं बघत होते. "चांगला हाय वं," म्हणालीस. "माह्यापेक्षा बारीक हाय. मांगच्या टोकाले थोडा जाड झाला. खाजते का?"

"खाजते."

"माहा बी खाजते. खाजवू नोको, खोबऱ्याचं तेल लाव." आणि तूच तेलाची बाटली शोधलीस, तूच लावलंस. मग म्हणालीस, "आता पाह्य. मी धरून हावो ना." मी खाली पाहिलं. मला वाटत होतं त्याच्या निम्म्यानंही भयंकर नव्हतं. मी रडले ते मात्र मनसोक्त.

तेव्हापासून तसंच चाललं. तू आलीस की आधी दार लोटायचं, मग चहा. थंडीत ओढतं का, ओझं उचललं की आत काही सरकतं का, मूग खाल्ले की जड वाटतं का. बाकी जगाला हे विचारायची सोय नव्हती.

आणि मग आपलं ते भांडण. ते मिटलं असं तू धरून चालत होतीस. मी नाही.

तू आलीस, दार लोटलंस, आणि या वेळी पदर बाजूला केला नाहीस. नुसती उभी राहिलीस. माझ्या लक्षात आलं.

"कितवा?"

"चौथा महिना लागला."

मी काय काय बोलले ते तुला पाठ होतं, तू नंतर मला म्हणून दाखवायचीस. वेड लागलं का तुले, पोट वाढलं तर ती शिवण कुठं जाईल, उरलेला अर्धा दोन जिवांचं कसं करेल. तू म्हणालीस, "साहेबाले इचारलं मी. हरकत नाही म्हने."

"साहेबाच्या पोटात हाय का लेकरू?"

तू शांतपणे म्हणालीस, "ताई, तुले दोन पोरं हायेत. तुले बोलाले काय जाते?"

चहा न घेता गेलीस. पुढचे महिने आली नाहीस. मी उमरेडच्या कोणालाही गाठून तुझी चौकशी करायचे, आणि सगळं ठीक आहे म्हटलं की मला खरं वाटायचं नाही. बाळंतपणाला तुला नागपुरातच आणलं. मी बाकावर बसून होते, महादेवभाऊ उभे होते. आतून तुझा आवाज आला की आम्ही एकमेकांकडं न बघता जमिनीकडं बघायचो. मी देवाला काय सांगत होते? हिला वाचव, असं. लेकराचं नावही मी घेतलं नाही. ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

मंदा झाली. मला आत सोडलं तेव्हा तू घामानं भिजलेली, केस गालाला चिकटलेले. "पाह्य," म्हणालीस, "एक टाका बी नाही तुटला." आणि मंदाला माझ्या हातात दिलंस.

तू जिंकलीस असं सगळ्यांनी म्हटलं. मीही. पण मनात एक बारीक धाक बसून राहिला, की हिनं काहीतरी आधीच खर्चून टाकलं, त्याचा हिशेब मागाहून येईल. तू दमलेली दिसलीस की मला तेच वाटे. गेल्या दोन उन्हाळ्यांत तुझे पाय सुजले. मी म्हटलं, चल, तपासून घेऊ, शिरेत रंग सोडून एक्स-रे काढतात, कळेल तरी. तू म्हणालीस, "मले ते दवाखान्याची पायरी नाही चढाची." मी चिडले. "भेव लागते का तुले एवढं?" तू म्हणालीस, "लागते. तुले नाही का? तू भेवानं दर सा महिन्यानं जाते, मी भेवानं जात नाही. भेव तं एकच हाय ना वं."

तुझ्याकडं पोचले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. अंगण माणसांनी भरलेलं, माग थांबलेला. कोणीतरी सांगितलं, दोन दिवस टिनाखाली बसून मागावर काम केलं, लग्नाच्या लुगड्यांची घाई होती, दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या, अंग तव्यासारखं, मग बरळायला लागली. ऊन लागलं. कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, दवाखान्यात नेलं तोवर शुद्ध गेली होती.

ऊन लागलं. मी ते शब्द धरून ठेवले. ऊन म्हणजे बाहेरचं. आतलं नाही.

मग बायकांनी तुला आंघोळीला घेतलं आणि लुगडं सोडल्यावर थांबल्याच. तुझ्या सासूनंसुद्धा तो वण नीट पाहिला नव्हता कधी. एक म्हातारी म्हणाली, "तिथं हात नोका लावू. त्याच जाग्यानं जीव गेला असन." सगळ्या मागं सरल्या. पाण्याचा गुंड तसाच राहिला. मी पुढं झाले. मी काही धीराची नाही, तुला माहीत आहे. पण ती जागा मला ठाऊक होती. कुठं जाड, कुठं पातळ, कुठं पूर्वी खाजायचं. पाणी घातलं, हातानं धुतलं. जांभळं कधीच पांढरं झालं होतं. मी मनात तपासत होते, गिरजे. धुता धुता दाबून पाहत होते, काही कडक लागतं का, काही सुजलंय का. माझी मलाच लाज वाटली, आणि तरी मी दाबून पाहिलं.

तुला बाहेर आणल्यावर मी महादेवभाऊंजवळ गेले. ते खांबाला टेकून बसले होते. आजूबाजूला पुरुष माणसं. मला थांबता आलं नाही.

"भाऊ, लघवी होत होती का तिले?"

दोघा-तिघांनी माना वळवल्या. महादेवभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना राग आला नाही. त्या वॉर्डात ते आपल्यासोबत होते, त्यांना कळलं मी काय विचारते आहे.

"आदल्या दिसापासून नव्हती, ताई," ते म्हणाले. "मी इचारलं तिले. होते म्हने. खोटं बोलली."

मी तिथून वळले आणि घरामागं निघून गेले.

तुला नेलं. बायका पांगल्या. मंदा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती, तू बसायचीस तशी. मी जवळ बसले. बराच वेळ ती सुताला बोट लावून सोडत होती. मग म्हणाली,

"मावशी, मी पोटात होती म्हनून आईचा गुरदा खराब झाला का?"

"कोनं सांगतलं?"

"बायका बोलून राहिल्या होत्या. पोरीनं मायची कूस खाल्ली म्हने."

गिरजे, ते त्या बायकांचं नव्हतं. ते मी दहा वर्षं मनात बाळगलेलं होतं, फक्त त्यांनी मोठ्यानं म्हटलं. मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तुझे डोळे आहेत तिला. तुला खोटं ओळखता यायचं, तिलाही येतं. "तुले काय मालूम?" म्हणाली, आणि उठून गेली. त्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं, असं मागाहून कळलं. कोणी भरवलं तर दोन घास, नाहीतर पाणी.

आपले सर्जनसाहेब आता निवृत्त आहेत. घरीच तपासतात, केस पांढरेशुभ्र झालेत, ऐकायला थोडं कमी येतं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडं गेले ती माझी कूस घेऊन. या वेळी टेबलावर न झोपता खुर्चीवरच बसले आणि तुझं सगळं सांगितलं. पाय सुजायचे ते, दोन दिवस टिनाखाली, आदल्या दिवसापासून बंद झालेली लघवी. आणि विचारलं, "साहेब, ते बाळंतपण केलं, त्यानं झालं का हे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला धडकी भरली, की आता हो म्हणतील आणि मला ते घेऊन त्या पोरीसमोर जावं लागेल.

"नाही," ते म्हणाले. "बाळंतपणानं काही व्हायचं असतं तर त्याच महिन्यांत झालं असतं. ते तिनं व्यवस्थित पार पाडलं. मी स्वतः पाहिलं होतं तिला नंतर. त्या मुलीचा याच्याशी काही संबंध नाही."

"मग ऊन?"

"ऊन दोन्ही किडन्या चांगल्या असलेल्यालाही नेतं, बाई. तिच्यात उरलेलं किती काम करत होतं, ते आता कोणी सांगू शकणार नाही. पाय सुजत होते तेव्हा तपासलं असतं तर कळलं असतं."

हे शेवटचं वाक्य मी महादेवभाऊंना सांगितलं नाही. मंदाला सांगायचा प्रश्नच नाही. एवढं कोणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून तुला सांगते. मी तुला हाताला धरून ओढत न्यायला हवं होतं का? एकदा तुझ्या मनाविरुद्ध सिस्टरला हाक मारली होती, तेव्हा तू वाचलीस. या वेळी मी चिडून गप्प बसले. तुझं आयुष्य, तुझी भीती, असं म्हटलं. तू पायरी चढली नसतीस, हे मला माहीत आहे. तरीही.

काल तेरवी. उमरेडच्या बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते आणि ती जुळत नव्हती. अंगणात पंगत बसलेली, मंदा आत, भिंतीला टेकून. मी ताट घेऊन तिच्यासमोर बसले.

"मी साहेबाकडं गेली होती. ज्यानं तुह्या आईचं ऑपरेशन केलं त्या."

तिनं मान वर केली.

"मी इचारलं त्याइले. तू पोटात होती म्हनून काही झालं का. ते म्हनाले, नाही. तुह्या आईनं तुले चांगलं पार पाडलं, तिले त्यानं काही झालं नाही. ऊन लागलं तिले."

"डॉक्टरनं म्हटलं? का तू मनानं सांगून राहिली?"

"डॉक्टरनं म्हटलं."

"आईची आन?"

"तुह्या आईची आन."

बाहेर वाढपी वरण वरण करत फिरत होता. मग तिनं ताट जवळ ओढलं, भात कालवला आणि खायला लागली. पहिले घास पाण्यानं उतरवले. मग भराभर. तुझी सासू दारात येऊन उभी राहिली आणि पदर डोळ्यांना लावून परत गेली. मंदानं भात पुन्हा मागितला. मी वाढला. मी खरं सांगितलं होतं, गिरजे. पुरतं खरं मला माहीत नाही, पण जेवढं सांगितलं तेवढं खरं होतं.

तू बरोबर होतीस, त्या भांडणात. हे तुझ्या तोंडावर म्हणायला मला दहा वर्षं होती.

माझंही पाऊल सुजलेलं असतं हल्ली संध्याकाळी. साहेबांना त्या दिवशी सांगितलं नाही, तुझं सांगून झाल्यावर उठून आले. त्यांनीच दारापर्यंत येऊन म्हटलं, "तुम्हीही रंगाचा एक्स-रे काढून घ्या, फार दिवस झाले." बुधवारी बोलावलंय. हे सोबत येतील, थोरला येईल. दोघंही म्हणतील, काही होत नाही. दार लोटून ज्याला विचारावं असं आता कोणी नाही. सगळ्यांसमोर शहाण्यासारखी बोलते, दुकानात गिऱ्हाईक पाहते, सुनेला भाजी सांगते. पण तुला तर मी खरं सांगू शकते ना?

गिरजे, मले भेव वाटून राहिलं वं. लई भेव वाटून राहिलं.